नडगी मोडली, जखम उघडी : आतून रॉड की बाहेरून सळया?

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली असताना एक बाई नातीचा हात धरून दवाखान्यात आल्या. त्यांना स्वतःला काही दुखत नव्हते. त्यांचा पंचवीस वर्षांचा मुलगा उसाच्या ट्रॅक्टरवरून उतरताना घसरला होता आणि ट्रॉलीचे चाक त्याच्या उजव्या पायावरून गेले होते. नडगीचे हाड मोडून, कातडी फाडून बाहेर आले होते. सरकारी रुग्णालयात त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. बाई माझ्याकडे आल्या तो पाचवा दिवस होता.

"डाक्टरसाहेब," बाई म्हणाल्या, "पोराच्या पायात बाहेरून सळया ठोकल्यात. आमच्या पाहुण्याच्या पोराचा बी पाय मोडला व्हता. त्याला आतून राड टाकला, पंधरा दिवसांत ते काठी घेऊन चालाया लागलं. आमी गरीब म्हणून हलकं काम केलं का हो? तिथून काढून दुसरीकडं नेऊ का? मुकादम पैसे देतो म्हणतोय, पुढच्या उचलीत कापून घेईन म्हणतो."

वाचकहो, हा प्रश्न त्या एकट्या माउलीचा नाही. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. इथल्या रस्त्यांवरही हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. धुळे-सोलापूर महामार्ग जिल्ह्यातून जातो. मोटारसायकली घरोघरी झाल्या आहेत. त्यामुळे नडगीचे उघडे फ्रॅक्चर आता कोणत्याही गावाला नवीन राहिलेले नाही. रुग्ण दाखल झाला की नातेवाइकांत चर्चा सुरू होते : रॉड बरा, प्लेट बरी की सळया? आणि या चर्चेत अनेकदा पाय वाचवणारी खरी गोष्टच मागे राहते.

मी हाडांचा सर्जन नाही. साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. शस्त्रक्रिया मी करीत नाही. पण शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर रुग्णाचे नातेवाईक माझ्याकडे येतात. म्हणून हा विषय सर्वांना समजेल अशा भाषेत आज मांडत आहे.

नडगीच का?

आपल्या पायाच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याखाली बोट फिरवून पाहा. बोटाला थेट हाड लागते. मांडीच्या हाडाभोवती मांसाची जाड गादी असते, नडगीच्या पुढच्या बाजूला नुसती कातडी. त्यामुळे जोराचा मार बसला की हाडाचे टोक सहज कातडी फाडून बाहेर येते. यालाच उघडे फ्रॅक्चर म्हणतात.

दुसरी अडचण रक्तपुरवठ्याची. हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असते. नडगीला रक्त दोन बाजूंनी मिळते. एक रक्तवाहिनी हाडाच्या आतल्या पोकळीतून जाते, आणि बाहेरून हाडाला चिकटलेल्या पातळ आवरणातून व शेजारच्या स्नायूंतून रक्त येते. हाड मोडले की आतली वाहिनी तुटते. कातडी आणि मांस फाटले की बाहेरचा पुरवठाही तुटतो. हाडाचे तुकडे उपाशी राहतात, आणि वरून माती, शेण, पाचटाचे तुकडे व जंतू आत जातात. उपाशी हाड आणि जंतू एकत्र आले की हाडात पू होतो. तो एकदा मुरला की महिने नव्हे, वर्षे जातात.

पाहुण्यांचा मुलगा पंधरा दिवसांत चालू लागला, कारण त्याचे फ्रॅक्चर बंद होते. कातडी शाबूत होती. मी हे बाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "व्हय, त्याला रगत आलं नव्हतं." हाड तेच, पण दुखणे वेगळे. दोघांची तुलनाच होत नाही.

गाडीच्या चाकाखालचा मुलगा

नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरला वैद्यकशास्त्राच्या इतिहासात मोठे स्थान आहे. ऑगस्ट १८६५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात जेम्स ग्रीनलीज नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचे चाक गेले. नडगी मोडली, जखम उघडी. त्या काळात अशा जखमेत पू होणार हे जवळजवळ ठरलेलेच असे, आणि जीव वाचवण्यासाठी पाय कापणे हा नेहमीचा उपाय होता. डॉ. जोसेफ लिस्टर यांनी मात्र जखम कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेल्या पट्टीने झाकली आणि पाय फळ्यांमध्ये बांधला. जखमेत पू झाला नाही. सहा आठवड्यांत हाड जुळले. दोन वर्षांनी लिस्टर यांनी असे अनुभव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि जंतुविरहित शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले.

त्या मुलाच्या पायात रॉड नव्हता, प्लेट नव्हती. जखम जंतूंपासून वाचली म्हणून हाड जुळले. दीडशेहून अधिक वर्षे झाली, हत्यारे बदलली, तरी क्रम तोच आहे : आधी जखम, मग हाड.

माझी एक चूक

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण मनावर ठसले ते एका चुकीतून. प्रॅक्टिस सुरू करून फार दिवस झाले नव्हते. एक तरुण मोटारसायकलवरून पडून आला. नडगीवर तुरीच्या दाण्याएवढी जखम, थोडे रक्त. पाय थोडा वाकडा वाटत होता. मी जखम वरून पुसली, दोन टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि उद्या एक्स-रे काढून या म्हणून सांगितले. तो तिसऱ्या दिवशी तापाने फणफणत आला. टाक्यांतून पू येत होता. हाडाचे टोक आतून कातडी भोसकून बाहेर येऊन परत आत गेले होते, आणि मी ते दार वरून शिवून टाकले होते.

त्याच्यावर पुढे मोठ्या रुग्णालयात चार वेळा शस्त्रक्रिया झाल्या. मेलेल्या हाडाचा तुकडा काढावा लागला. दोन वर्षे गेली. त्याने मला कधी दोष दिला नाही. आठवडी बाजारात भेटला की नमस्कार करतो आणि पाय ओढत पुढे जातो.

तेव्हापासून मोडलेल्या हाडाजवळची कोणतीही जखम, मग ती कितीही लहान असो, मी उघडे फ्रॅक्चर समजूनच पुढे पाठवतो. वाचकांनीही हे लक्षात ठेवावे. 'टाके घाला आणि प्लास्टर करून सोडा' असा आग्रह डॉक्टरकडे धरू नये.

जखमेचे तीन प्रकार

अमेरिकेतील डॉ. गस्टिलो आणि डॉ. अँडरसन यांनी १९७६ मध्ये उघड्या फ्रॅक्चरची वर्गवारी केली. ती आजही जगभर वापरतात. पहिल्या प्रकारात जखम एक सेंटिमीटरपेक्षा लहान आणि स्वच्छ असते. दुसऱ्यात त्याहून मोठी, पण मांस फारसे चिरडलेले नसते. तिसऱ्यात मांस, कातडी आणि हाडाचा चुरा झालेला असतो. या तिसऱ्या प्रकाराचे १९८४ मध्ये आणखी तीन भाग केले गेले. 'अ' मध्ये हाड झाकण्याइतकी कातडी व मांस उरलेले असते. 'ब' मध्ये हाड उघडे पडते आणि दुसरीकडचे मांस आणून झाकावे लागते. 'क' मध्ये पायाची मुख्य रक्तवाहिनीच तुटलेली असते आणि ती जोडावी लागते.

शेतातल्या मातीत किंवा ट्रॉलीखाली झालेली जखम वरून लहान दिसली तरी सर्जन तिला गंभीर धरतात. खरा प्रकार शस्त्रक्रियेच्या टेबलावर, जखम उघडून पाहिल्यावरच कळतो. म्हणून दारातच 'रॉड टाकणार का?' असे विचारले तर प्रामाणिक डॉक्टर 'आत पाहून सांगतो' असेच म्हणेल.

पहिला तास आणि पहिली शस्त्रक्रिया

पाय वाचवणारी पहिली गोष्ट म्हणजे शिरेतून अँटिबायोटिक. १९७४ मध्ये अमेरिकेतील डॉ. पत्झाकिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्या फ्रॅक्चरच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. अँटिबायोटिक न दिलेल्या रुग्णांत शंभरात जवळजवळ १४ जणांना जंतुसंसर्ग झाला, सेफॅलोथिन दिलेल्यांत शंभरात २ ते ३ जणांना. आज नियम असा, की हे इंजेक्शन शक्यतो अपघातानंतर तासाभरात मिळावे. ते देण्यासाठी मोठे रुग्णालय लागत नाही, जवळचा डॉक्टर किंवा ग्रामीण रुग्णालयही देऊ शकते. सोबत धनुर्वाताचे इंजेक्शन.

दुसरी गोष्ट जखमेची सफाई. रुग्णाला भूल देऊन सर्जन जखम मोठी करतो, माती व कचरा काढतो, मेलेले मांस आणि सुटे पडलेले मेलेले हाड कापून टाकतो, आणि कित्येक लिटर सलाईनने जखम धुतो. नातेवाइकांना वाटते, एवढीशी जखम डॉक्टरांनी केवढी केली! पण मेलेले मांस आत ठेवणे म्हणजे जंतूंना अन्न ठेवणे आहे.

धुण्यासाठी काय वापरावे यावरही मोठा अभ्यास झाला. भारतासह पाच देशांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांवरचा तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. साधे सलाईन कमी दाबाने सोडले तरी काम होते, महागड्या पंपाची गरज नाही, आणि साबणाचे पाणी वापरलेल्या रुग्णांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण जास्त होते, असे त्यात दिसले. म्हणजे जे आपल्या जिल्ह्यात सहज मिळते, तेच चांगले ठरले.

सहा तासांत शस्त्रक्रिया झालीच पाहिजे, असा जुना नियम होता. तो आता तितका काटेकोर धरत नाहीत. अँटिबायोटिक वेळेवर मिळाले असेल तर अनुभवी सर्जन व सोयीचे रुग्णालय गाठण्यात गेलेले काही तास चालतात. पण शेतातली माती, शेण किंवा गटाराचे पाणी जखमेत गेले असेल, किंवा पाय थंड व निळा पडला असेल, तर थांबायला वेळ नसतो.

तिसरी गोष्ट, हाड झाकणे. उघडे पडलेले हाड वाळते आणि मरते. शक्य झाल्यास तीन दिवसांच्या आत त्यावर कातडी किंवा पोटरीचे मांस फिरवून आवरण घालावे, असे आज मानतात. त्यासाठी प्लॅस्टिक सर्जनची मदत लागते.

आता रॉड, प्लेट आणि सळया

या तीन गोष्टी झाल्या की हाड स्थिर कशाने करायचे हा प्रश्न येतो. हाड हलत राहिले तर मांसही भरत नाही. उपाय पुढीलप्रमाणे आहेत.

प्लास्टर : पूर्वी हाच मुख्य उपाय होता. लहान, स्वच्छ जखम आणि न हललेले हाड असेल तर आजही तात्पुरता चालतो. पण प्लास्टरखाली जखम दिसत नाही आणि मोठ्या जखमेत हाड जागेवर राहत नाही.

बाहेरच्या सळया : याला डॉक्टर एक्स्टर्नल फिक्सेटर म्हणतात. मोडलेल्या जागेच्या वर दोन-तीन आणि खाली दोन-तीन जाड पिना हाडात बसवून त्या बाहेरून नळ्यांनी जोडतात. बेल्जियमच्या डॉ. लांबोट यांनी १९०२ मध्येच अशी पद्धत वापरली होती. हिचा मोठा फायदा असा की जखमेत धातू राहत नाही. जखम रोज पाहता येते, पुन्हा धुता येते, तिच्यावर कातडी बसवता येते. शस्त्रक्रिया लवकर आटोपते. रुग्ण खूप जखमी असेल तर ही सर्वांत सुरक्षित. तोटेही आहेत. पिनांच्या मुळाशी पाणी-पू येतो, पिना सैल होतात, हाड थोडे वाकडे जुळण्याची शक्यता जास्त, आणि महिनोन्‌महिने ते लोखंड सांभाळणे त्रासाचे असते.

आपल्या मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा आणि साधे जोड वापरून बाहेरच्या सळयांची स्वस्त, हलकी पद्धत तयार केली. 'जेस' या नावाने ती देशभर ओळखली जाते. हात-पायाच्या लहान हाडांना आणि लहान मुलांच्या वाकड्या पावलांना तिचा मोठा उपयोग झाला. तेव्हा बाहेरच्या सळया म्हणजे गरिबाचे हलके काम, ही समजूत मनातून काढून टाकावी.

आतला रॉड : गुडघ्याखालून हाडाच्या पोकळीत लांब सळई घालून वर-खाली स्क्रूने पक्की करतात. जर्मनीच्या डॉ. कुंत्शर यांनी १९३९ मध्ये मांडीच्या हाडासाठी अशी सळई प्रथम वापरली. रॉड पायाचा भार वाटून घेतो, त्यामुळे रुग्ण लवकर पाय टेकतो. हाड सरळ जुळते. बाहेर काही दिसत नाही. तोटा असा की जखम नीट साफ झालेली नसेल तर जंतू रॉडबरोबर हाडाच्या पोकळीत पसरू शकतात. पुष्कळांना नंतर मांडी घालताना किंवा गुडघा टेकताना पुढून दुखते.

रॉड घालण्यापूर्वी पोकळी कोरून रुंद करावी की नाही, यावर डॉक्टरांत बरीच वर्षे वाद होता. कोरल्याने आतला रक्तपुरवठा आणखी बिघडेल अशी भीती होती. २००८ मध्ये बाराशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बंद फ्रॅक्चरमध्ये कोरून रॉड घालणे चांगले ठरले, उघड्या फ्रॅक्चरमध्ये दोन्हींत फरक दिसला नाही.

प्लेट : हाडाला बाहेरून पट्टी लावून स्क्रू मारतात. नडगीच्या मधल्या भागाच्या मोठ्या उघड्या जखमेत प्लेट लावल्यास जंतुसंसर्गाचे प्रमाण बरेच वाढते, हा जुना अनुभव आहे. आधीच फाटलेल्या मांसातून प्लेटसाठी आणखी जागा करावी लागते. त्यामुळे तिथे सर्जन ती टाळतात. गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या सांध्यापर्यंत गेलेल्या फ्रॅक्चरला मात्र बऱ्याचदा प्लेटच लागते. तीही सूज उतरल्यावर, कातडी चांगली झाल्यावर.

रिंगा : रशियाच्या सायबेरिया भागातील कुर्गान गावात डॉ. इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत विकसित केली. पायाभोवती गोल रिंगा, त्यातून हाडात आरपार ताणलेल्या तारा. हाडाचा मोठा तुकडा गेला असेल किंवा पू होऊन हाड जुळत नसेल, तेव्हा ही पद्धत कामाला येते. हाड एका जागी कापून रोज साधारण एक मिलिमीटर, चार वेळा थोडे-थोडे सरकवतात आणि मागे नवे हाड तयार होते. कार्लो मौरी नावाच्या इटालियन गिर्यारोहकाची न जुळणारी नडगी त्यांनी बरी केली, तेव्हा युरोपातील डॉक्टरांचे तिकडे लक्ष गेले. आपल्याकडे अकोल्याला डॉ. मिलिंद चौधरी यांच्यासारख्या सर्जनांनी या पद्धतीत मोठे काम केले आहे. वेळ खूप लागतो, पण कापावा लागला असता असा पाय अनेकदा वाचतो.

मग चांगले कोणते?

याचे आपल्यासारख्या परिस्थितीतले उत्तर आफ्रिकेतून आले आहे. टांझानियातील दार-एस-सलाम शहराच्या सरकारी अस्थिरोग संस्थेत नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरच्या २४० रुग्णांचा अभ्यास झाला आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. जखम बंद करता येण्याजोगी होती असेच रुग्ण त्यात घेतले. काहींना रॉड, काहींना बाहेरच्या सळया, आणि कोणाला काय हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. वर्षभरानंतर पाहिले तर मृत्यू आणि जंतुसंसर्ग, न जुळणे वा वाकडे जुळणे यांसाठी पुन्हा करावी लागलेली शस्त्रक्रिया, या सर्वांचा एकत्र हिशेब दोन्ही गटांत जवळपास सारखाच निघाला. रॉडवाल्यांचे सुरुवातीचे आठवडे अधिक सुखाचे गेले आणि हाड बाजूला वाकण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी होते. पण वर्षअखेर हे सुखाचे अंतर बरेच कमी झाले.

थोडक्यात सांगायचे तर, जखम लहान असेल, चांगली साफ झाली असेल आणि हाड लगेच झाकता येत असेल, तर पहिल्याच वेळी रॉड घालणे चांगले. जखम मोठी, मळलेली, पुन्हा धुवावी लागणारी असेल, तर आधी बाहेरच्या सळया. नंतर जखम स्वच्छ झाली, कातडी बसली, की सळया काढून रॉड घालता येतो. हे शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत व्हावे. फार उशीर झाला किंवा पिनांना पू आला, तर तोच पू रॉडबरोबर आत जाण्याचा धोका वाढतो. अशा वेळी सर्जन सळयांवरच हाड जुळू देतात किंवा रिंगा लावतात. सळया हा बहुधा पहिला टप्पा असतो. तो मध्येच सोडून रुग्णाला दुसरीकडे हलवणे म्हणजे अर्धी विहीर बांधून मजूर बदलण्यासारखे आहे.

फारच चिरडलेल्या पायाचा निर्णय सर्वांत अवघड. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलमधील डॉ. राजशेखरन व सहकाऱ्यांनी यासाठी गुणपद्धत तयार केली, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. कातडी, हाड, स्नायू-नसा आणि रुग्णाची एकूण प्रकृती यांना गुण देतात. १४ किंवा कमी गुण आले तर पाय वाचवण्याचा प्रयत्न करावा, १७ किंवा जास्त आले तर बहुधा पाय काढणे हिताचे, १५-१६ असल्यास डॉक्टरांनी रुग्णाशी बोलून ठरवावे. आपल्याच देशातील अपघातांवरून तयार झालेली ही पद्धत आज परदेशातही वापरतात. पाय काढण्याचा सल्ला मिळाला म्हणजे डॉक्टरने हात टेकले असे समजू नये. कधी कधी तो जीव वाचवणारा सल्ला असतो.

अपघाताच्या जागी काय करावे?

१०८ क्रमांकावर फोन करा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरा. बाहेर आलेले हाड आत ढकलू नका. हळद, चुना, राख, तंबाखू, डिझेल, ग्रीस यांपैकी काहीही जखमेत घालू नका. जमल्यास मोबाईलवर जखमेचा फोटो काढा आणि मग स्वच्छ, ओलसर कापडाने झाका, म्हणजे प्रत्येक ठिकाणी पट्टी सोडून पाहावी लागणार नाही. दोन्ही बाजूंनी फळ्या किंवा जाड पुठ्ठा ठेवून, मध्ये कापडाची घडी घालून पाय गुडघ्याच्या वरपासून घोट्याच्या खालपर्यंत बांधा. तार किंवा सुतळी आवळू नका. पायाची बोटे उघडी ठेवा. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागेल, म्हणून रुग्णाला चहा, पाणी, जेवण देऊ नका. अपघाताची वेळ लिहून ठेवा.

हाडवैद्याकडे नेऊन पट्टी बांधून घेण्याचा विचार उघड्या फ्रॅक्चरमध्ये मनातही आणू नका. घट्ट पट्टीने पोटरीतला दाब वाढून पायाचे मांस काही तासांत मरते. औषध देऊनही वेदना वाढत असतील, बोटे हलवताना असह्य दुखत असेल, बोटे बधिर होत असतील तर रात्री दोन वाजता असले तरी डॉक्टरांना उठवा.

मदत करणाऱ्याने पोलिसांच्या चौकशीला भिऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाने आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा मदतगाराला संरक्षण दिले आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. शिधापत्रिका आणि ओळखपत्र जवळ ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. जमीन गहाण टाकण्याआधी विचारा.

घरी आल्यावर

पिनांची मुळे डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे स्वच्छ ठेवा. लाली, पू, ताप किंवा पिन हलत असल्यास लगेच दाखवा. घोटा आणि गुडघा रोज हलवा, नाहीतर हाड जुळेल पण सांधा आखडेल. पाय कधी टेकायचा हे डॉक्टरांना विचारा. बिडी, सिगारेट पूर्ण बंद करा. धुराने हाड उशिरा जुळते. तंबाखूच्या मळीतही तेच निकोटिन असते. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे जेवणात असू द्या. उघड्या नडगीला जुळायला सहा महिने लागणे ही सामान्य गोष्ट आहे, मोठ्या जखमेत वर्षही जाते.

आणि डॉक्टरांना हे चार प्रश्न जरूर विचारा : जखम कोणत्या प्रकारची आहे? पुन्हा धुवावी लागेल का? हाड कधी आणि कसे झाकणार? सळया लावल्या असतील तर पुढचा टप्पा कोणता आणि कधी?

त्या बाईंना मी हेच चार प्रश्न कागदावर लिहून दिले. नातीला वाचता येत होते. त्या मुकादमाकडे गेल्या नाहीत, कागद घेऊन रुग्णालयात गेल्या. सर्जनने नीट समजावून सांगितले. जखम दोनदा धुतली होती, पोटरीचे मांस फिरवून हाड झाकायचे ठरले होते आणि जखम चांगली राहिली तर दुसऱ्या आठवड्यात रॉड. तसेच झाले.

हंगाम बुडाला. घेतलेली उचल अजून पूर्ण फिटलेली नाही. पण परवा तो मुलगा आईला घेऊन दवाखान्यात आला होता. या वेळी खोकला आईला होता. तो गाडी लावून, दोन पायऱ्या चढून, काठीशिवाय आत आला.